शेजारधर्म

भिंतीतल्या खिडकीतून नर्सने नळी पलीकडे सरकवली आणि सांगितलं, "मास्क नाकातोंडावर घट्ट धर, दादा. बोलू नकोस. नुसता श्वास घे."

पलीकडे स्टुलावर बसलेला तिचा थोरला भाऊ बोलण्याच्या अवस्थेत नव्हताच. बॉयलरवर काम करता करता त्याला दम लागला, ओठ निळे पडायला लागले. सोबत्यांनी त्याला आधी कंपनीच्या फाटकावर नेलं. तिथून परत पाठवलं, तेव्हा धरून धरून इथवर आणलं. दवाखान्यातलं औषधाची वाफ देणारं यंत्र नर्सने उचलून आणलं आणि अलीकडच्या प्लगला लावलं. वायर पलीकडे पोचत नव्हती. नळी पोचत होती, हे नशीब.

खिडकी माणसांसाठी नव्हतीच. रंगवलेलं कापड पलीकडून अलीकडे घ्यायला ती ठेवली होती. आणि भिंत गेल्याच महिन्यात बांधलेली. कंपनीने जगभर छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं, यंदापासून आमचा धूर शून्य. आता धूर खरोखर कमी करायचा म्हणजे खर्च आला, डोकं चालवणं आलं. त्यापेक्षा विटा स्वस्त. रंगखातं, बॉयलर, धुराडं आणि तिथली सगळी माणसं एका ठेकेदाराच्या गळ्यात मारली, मधे भिंत घातली, की झालं. धुराडं तेच, धूर तोच, काजळीही आसपासच्या त्याच घरांवर बसते. फक्त आता तो धूर कंपनीचा नाही. याला म्हणे धोरण म्हणतात, आणि त्यावर बक्षिसंही मिळतात.

मॅनेजर धापा टाकत आला. "सिस्टर, हे काय चाललंय? त्या बाजूच्या माणसांना आपला दवाखाना नाही, माहीत आहे ना?"

"दवाखान्यात कुठे आणलंय त्याला? तो पलीकडेच आहे."

"अहो, समजून घ्या. आपण त्यांचं औषधपाणी केलं की तपासणीवाले ती माणसं आपलीच धरतात. आणि माणसं आपली म्हटली की धूरही आपलाच. एवढं केलेलं सगळं पाण्यात जाईल. काढा ती नळी."

"काढली तर जाईल तो, साहेब."

"अहो, मॅडम इकडेच येतायत." इथे माणूस जाईल म्हणतेय ही, आणि याला मॅडमची पडलेली.

मॅडम आल्याच. मुख्य कचेरीत पर्यावरणाचं खातं सांभाळणाऱ्या, खास या समारंभासाठी दोन विमानं बदलून आलेल्या. बागेतल्या 'शून्य धूर' पाटीवरचा पडदा त्यांनी नुकताच बाजूला केला होता, आणि फोटोग्राफर त्यांच्या मागे मागे होता. त्यांची नजर बरोबर नळीवर गेली.

"हे काय आहे?"

मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं, पण जीभ जागेवर होती. "शेजारधर्म, मॅडम. पलीकडे दुसऱ्यांचा कारखाना आहे. तिथल्या गरिबांसाठी जमेल तेवढं करतो आपण."

"किती छान. मग हे अहवालात का नाही? पहिल्या पानावर घेऊ या."

नर्सच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने यंत्रावरचा हात काढला नाही, कारण भावाच्या ओठांवर आत्ता कुठे रंग यायला लागला होता.

फोटोग्राफर वाकला आणि खिडकीतून डोकावला. "काका, मास्क जरा खाली घ्या. चेहरा दिसत नाहीये. आणि थोडं हसा."

भावाने हात वर नेला. सांगितलं ते करायची सवय अंगात मुरलेली. नर्सने खांद्यापर्यंत हात खिडकीत घातला आणि मास्क त्याच्या तोंडावर दाबून धरला.

"मास्क निघणार नाही," ती म्हणाली. "आणि मॅडम, हा शेजारी वगैरे काही नाही. सख्खा भाऊ आहे माझा. मिसरूड फुटल्यापासून याच कंपनीच्या बॉयलरवर आहे. गेल्या महिन्यापर्यंत तुमचाच माणूस होता. चेहरा दिसला तर इथलं कुणीही सांगेल, हा कोणाचा ते."

खिडकीतून भावाच्या छातीची घरघर ऐकू येत होती.

मॅडमनी नर्सकडे पाहिलं, मग खिडकीकडे. चिडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. फार समजूतदार बाई.

"राहू दे मास्क," त्या फोटोग्राफरला म्हणाल्या. "असाच घ्या."