ती परत का जाते?

"बाकी सगळं झकास. पण ती बाई त्या घरात परत का जाते?"

आणखी एका प्रेक्षकाने तेच विचारलं. लेखिकेने कानांवरचा हेडफोन घट्ट दाबून धरला. भिंतीपलीकडच्या खोलीत प्रेक्षक एकेक करून माइकसमोर बसत होते आणि नुकत्याच पाहिलेल्या सिनेमाबद्दल मत देत होते. अलीकडच्या खोलीत ती आणि निर्माता ऐकत होते. निर्मात्याची पद्धतच होती ती. प्रदर्शनाच्या आधी दुपारचा एक खेळ फुकट लावायचा, रस्त्यावरून जो येईल त्याला आत घ्यायचं, आणि सिनेमावाल्यांपैकी कुणी तोंड दाखवायचं नाही. समोरासमोर माणूस खरं बोलत नाही, असं त्याचं म्हणणं.

सिनेमा एका हसतमुख खुन्याचा होता. दुसरा भाग. पहिल्या भागाच्या शेवटी त्याची बायको त्याच्या तावडीतून सुटते. दुसऱ्या भागात, इतके मुडदे पडलेले डोळ्यांनी पाहूनही, पुन्हा त्याच्याच घरात नांदायला जाते. हा गृहस्थ सुरा उचलण्याआधी अगदी अदबीने एखादा विनोद करतो. "हळू ओरडा हं, शेजाऱ्यांना सकाळी कामाला जायचं असतं." या वाक्याला लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं होतं.

"खुनी एक नंबर," एक कॉलेजकन्या म्हणाली. "बाई मात्र बिनडोक."

तिच्यामागून एक निवृत्त गृहस्थ आले. "रक्त जरा जास्त झालं. आमची मंडळी पूर्ण वेळ डोळे मिटून होती, म्हणून तिचंही मत मीच देतो. हसलो पुष्कळ. पण ती परत का जाते हो? म्हणजे ये रे माझ्या मागल्या!"

निर्मात्याने कपाळ चोळलं. "ऐकताय ना, लेखिकाबाई? पटेल असं कारण द्या. नाहीतर तिचं परत जाणं मी कापणार."

"ते कापलं तर सिनेमात राहील काय?"

"मुडदे राहतील. मुडदे चालतात."

कारण तिच्याकडे नव्हतं. पण तिला काळजी त्या कारणाची नव्हती. खेळ संपून दिवे लागले तेव्हा पडद्याशेजारच्या फटीतून तिला तिचा नवरा दिसला होता. न बोलावता आला होता. पाळत ठेवायची त्याची जुनी खोड. आता तोही बाहेर, मत द्यायच्या रांगेत उभा असणार.

आणि खुन्याचं एकही वाक्य तिने रचलेलं नव्हतं. सगळी घरून आणली होती. शेजाऱ्यांचं ते वाक्य तिने स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून ऐकलं होतं. तेव्हा कुणी हसलं नव्हतं. गेल्या वर्षी ती घर सोडून बहिणीकडे गेली. तो आला, बहिणीच्या मुलांना खेळवलं, डोळ्यांत पाणी आणलं, आणि ती त्याच्याबरोबर परत गेली. मग पहिले पाढे पंचावन्न. आता त्याने स्वतःची वाक्यं ओळखली असतील, तर संध्याकाळी घरी काय होईल हे ठरवायला तिला लेखिका असण्याची गरज नव्हती.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. कुणीतरी घसा साफ केला. ती तो आवाज घराच्या जिन्यातूनही ओळखायची.

"कसा वाटला सिनेमा?" प्रश्न विचारणाऱ्या मुलीने नेहमीच्या सुरात विचारलं.

"फर्स्ट क्लास! पोट दुखेपर्यंत हसलो."

"खुनी आवडला?"

"आवडला म्हणजे काय! अहो, असले विनोद मी घरी रोज करतो. आमच्या बाईसाहेब हसत नाहीत, हा भाग वेगळा."

मुलगी हसली. निर्माताही हसला. "हा गडी बोलतो छान," तो म्हणाला.

त्याने ओळखलं नव्हतं. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. तो आपलेच शब्द सुरा घेतलेल्या माणसाच्या तोंडून ऐकत भरल्या थिएटरात बसला होता, आणि त्याला फक्त गंमत वाटली होती. इतकी वर्षं ती समजत होती की रागाच्या भरात तो काय बोलतो हे त्याला कळत नाही, एक दिवस कळेल, मग तो सुधारेल. आज तर अख्खा सिनेमा दाखवून झाला होता.

"बाई त्या घरात परत जाते, ते पटलं का तुम्हाला?" मुलीने विचारलं.

"न पटायला काय झालं?" त्याचा आवाज अगदी निवांत होता. "जाणार कुठे? रुसली की बहिणीकडे चार दिवस राहायचं, मग आपण थोडं गोड बोलायचं, की आली मागोमाग. अशा बायका येतातच परत."

सिनेमातल्या बाईला बहीण नव्हती.

निर्मात्याने टेबलावर थाप मारली. "सापडलं! बघा, शेवटी प्रेक्षकानेच दिलं कारण. हे वाक्य खुन्याच्या तोंडी घाला. आणि तिला मारू नका हं. तिसऱ्या भागात पुन्हा त्याच घरात न्यायचीय."

लेखिकेने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. पुढच्या दाराबाहेर नवरा तिची वाट बघत उभा राहणार होता. तिने पर्स खांद्याला लावली आणि मागच्या जिन्याचं दार उघडलं.

"वाक्य घालते," ती म्हणाली. "पण तिसऱ्या भागाला दुसरी बाई बघा. ही आता परत जात नाही."