तिसरा बाक

चर्चच्या छताशी, परांचीवर उभ्या सुताराने मुख्य तुळईवर हातोडी मारली. तुळई आतून पोकळ होती. भुसा आणि सरस ठासून वर रंग फासला होता.

"बाबा, तीस वर्षांपूर्वी हे छत तुम्हीच दुरुस्त केलंत ना?"

"नवी तुळई वेळेत आली नाही," खाली तिसऱ्या बाकावर बसलेले वडील म्हणाले. "नंतर सांगायचा धीर झाला नाही."

"आणि तीस वर्षं खुशाल झोपलात? कुणाच्या डोक्यात पडली असती म्हणजे?"

संतापलेल्या सुताराने त्या पोकळ जागेवरून ओळंबा, दोरीला बांधलेलं वजन, सरळ खाली सोडला. तो बाबांच्या टकलाला टेकला.

तीस वर्षं दर रविवारी भांडून ते एकटेच त्या बाकावर बसत. नातवालासुद्धा जवळ फिरकू देत नसत.