राजासॉरस कसा ओरडतो?

स्वाध्यायपुस्तिकेतला सातवा प्रश्न होता : राजासॉरस कसा ओरडतो? ऐकून लिहा. उत्तरासाठी एकच ओळ सोडली होती. चौथीची मुलं पेन्सिली सरसावून सिरोंच्याच्या अभयारण्यात, कुंपणापाशी उभी राहिली.

जगातला एकुलता एक राजासॉरस डायनासोर झाडीतून बाहेर आला. त्याने अवाढव्य जबडा उघडला आणि तो खोकला. दोनदा, कोरडं. मग त्याने घसा खाकरला.

मुलं खो-खो हसली. "बाई, याला सर्दी झालीय!"

"नाही रे," नेवरेकर बाई म्हणाल्या. "अंड्यातून निघाल्यापासून त्याला इथल्या राखणदार टेकामकाकांनी वाढवलं. मांसाची बादली आणताना ते असेच खोकायचे. स्वतःसारख्या दुसऱ्या प्राण्याचा आवाज त्याने कधी ऐकलाच नाही."

"मग काका कुठे आहेत?"

"गेले. दिवाळीच्या आधी."

राजासॉरस पुन्हा खोकला आणि कानोसा घेत थांबला. मिहिकाने पुस्तिका मिटली. बाई अडवायच्या आत ती अगदी तसंच, दोनदा खोकली.

तो धावतच जाळीशी आला. मिहिकाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तिच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे तो कितीतरी वेळ बघत राहिला.