चौकशीचा फॉर्म

"बाई, कितीदा सांगायचं? तो रकाना माणसाचा आहे, संस्थेचा नाही."

शिवूनं त्यांच्या हातातला माऊस जवळजवळ ओढूनच घेतला. मल्लव्वांनी हात मांडीवर ठेवला आणि त्या पडद्याकडे बघत राहिल्या. साठीच्या, जाड चष्म्याच्या, एका बोटानं टाइप करणाऱ्या. वधूवर सूचक केंद्राचे मालक गुरप्पा यांनी सोमवारी त्यांना आणून बसवलं होतं. "आठवडाभर शिकवा यांना," एवढंच म्हणाले. बाई रोज एसटीनं यायच्या. कुठून, ते शिवूनं विचारलं नव्हतं. असल्या माणसांना काय विचारायचं?

"कळलं का?"

"हौद," त्या म्हणाल्या.

"हो म्हणा. इथं कानडी चालत नाही."

शिवूच्या स्वतःच्या घरी आई-वडील कानडीच बोलायचे. पण नाकानं कांदे सोलायला बसलेल्या माणसाला अशा गोष्टी आठवत नाहीत.

केंद्राची वेबसाइट बनवायचं काम मात्र तो चोख करायचा. वेबसाइटवाल्यांनी जगभर मान्य केलेली एक शब्दयादी असते. माणूस, संस्था, कार्यक्रम, अभिप्राय असे प्रकार, आणि प्रत्येकाचे रकाने ठरलेले. शिवूनं ती यादी केंद्राच्या माहिती भरायच्या पानांना, म्हणजे अ‍ॅडमिनला जोडली होती. प्रकार निवडला की फॉर्म आपोआप तयार. मग नको ते रकाने झाकायचे आणि उरलेल्यांना मराठी नावं द्यायची. 'माणूस' या प्रकारातून त्यानं फॅक्स नंबर आणि मृत्यूची तारीख झाकली. उंची, शिक्षण, नोकरी ठेवली. सोलापुरात हे आपल्याखेरीज कुणाला येत नाही, याची त्याला खात्री होती. गुरप्पासारख्या वहीवाल्यांपुढे आपण हे उलगडून दाखवतोय, याची चीडही होती.

तरी तो इथं टिकून होता, त्याला कारण होतं. चौतीस वर्षं वय. सात घरांनी नकार दिलेला, आणि दर वेळी पत्रिकेचं निमित्त. अडाणी लेकाचे, असं तो म्हणायचा आणि आईला गप्प करायचा. आठवं स्थळ गुरप्पांनी आणलं. मंगळवेढ्याची चंद्रिका, शाळेत शिक्षिका. बघायला गेला तेव्हा तिनं एकच विचारलं होतं, "तुम्हाला राग येतो का?" तो म्हणाला, "छे, कधीच नाही." ती हसली, आणि त्या हसण्यात तो पुरता अडकला. ही नाही म्हणाली तर आपलं काही खरं नाही, हे त्यानं आईजवळसुद्धा कबूल केलं नव्हतं. मुलीकडचे शनिवारी कळवणार होते.

गुरुवारी गुरप्पांनी नवीन काढलं.

"आणखी एक फॉर्म पायजे. चौकशीचा."

"कसली चौकशी?"

"पोरगं कसं हाय, हे पाव्हण्यांना इचारलं की समदे गोडच बोलतात की. म्हणून मुलीकडचं कोणतरी सोता जाऊन बघून येतं. ते त्यांनी लिवायचं, आनि मुलीच्या घरच्यांनाच दिसायचं."

शिवूला हसू आलं. खेडवळ डोकी, आणि म्हणे वेबसाइट हवी. पण काम सोपं होतं. शब्दयादीत 'अभिप्राय' हा प्रकार तयारच होता. हॉटेलातलं जेवण कसं होतं हे सांगायला लोक तोच वापरतात. कशाबद्दल, किती तारे, मजकूर, लिहिणारा कोण. 'कशाबद्दल'च्या जागी त्यानं 'मुलाचं नाव' घातलं. 'मुलीचं नाव' वाढवलं, आणि शेवटी 'लिहिणारा कोण'साठी मुलीशी असलेल्या नात्यांची यादी लावली. अर्ध्या तासात फॉर्म उभा.

"हॉटेल काय अन् नवरा काय, फॉर्म एकच," तो मल्लव्वांना म्हणाला. "तुम्हाला नाही कळायचं."

"शिकवा की. हळूहळू कळंल."

"हळूहळूच. इथं दगडाला पाझर फुटायचा आधी."

दाराशी उभ्या गुरप्पांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी चष्मा पुसला. शुक्रवारी त्यांनी भाकरी आणि शेंगाचटणी आणली आणि अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवली. "कीबोर्डवर सांडेल, लांब ठेवा," म्हणून त्यानं ती परत सारली.

शनिवारी सकाळपासून त्याचं लक्ष मोबाइलवर होतं. अकरा वाजले तरी काही आलं नव्हतं. त्याचा राग बाईंवर निघत होता.

"आज परीक्षा," तो म्हणाला. "चौकशीचा फॉर्म एकटीनं भरून दाखवा. मी सांगणार नाही."

"खरा भरू?"

"भरा काय भरायचं ते."

मल्लव्वा खुर्ची पुढे घेऊन बसल्या. एका बोटानं एकेक अक्षर शोधत त्यांनी मुलाचं नाव लिहिलं. शिवूनं मान वाकवून पाहिलं. त्याचंच नाव होतं.

"माझं कशाला? बरं, नमुन्याला चालेल. पुढं."

पाच तारे होते. बाईंनी पहिल्यावर टिचकी मारली आणि तिथंच थांबल्या.

"अहो, पुढच्यांवर टिचकी मारा जरा. एकच तारा पडलाय."

"एकच द्यायचाय," त्या म्हणाल्या.

तो कुत्सितपणे हसला आणि पुन्हा मोबाइल बघू लागला. मजकुराच्या रकान्यात बाई बराच वेळ टाइप करत होत्या. त्यानं वाचलं नाही. मोबाइल गप्पच होता.

"झालं का? दोनच रकाने राहिलेत."

"व्हय, झालंच."

मुलीच्या नावाच्या जागी बाईंचं बोट चालू झालं. या वेळी ते कुठंच अडखळलं नाही. शिवूनं वर पाहिलं तेव्हा पडद्यावर 'चंद्रिका' उमटलं होतं.

"हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

मल्लव्वांनी शेवटच्या रकान्यातली यादी उघडली. आई, मावशी, काकू यांच्यावरून बाण शांतपणे खाली नेला आणि 'आत्या' निवडलं.