बेसमेंटमधला काढा

बेसमेंटच्या वॉशरूममधला पंखा, रोज सकाळी तासभर चालू.

विंटर टायर्सच्या मागे चिनी अक्षरांची तपकिरी पाकिटं.

अच्युतरावांच्या नावाचे लिव्हर-तपासणीचे चार रिपोर्ट, सगळे एकाच महिन्यातले.

जिन्यात ज्येष्ठमधाचा आणि ओल्या सालींचा वास.

नॉर्थ यॉर्कमध्ये चाळीस वर्षं डॉक्टरकी करताना चिनी औषधांना ‘लिव्हरचा सत्यानाश’ म्हणत आलेला आपला नवरा काहीतरी मोठा आजार लपवतोय, अशी वसुधाची खात्री झाली. आज पंखा सुरू झाल्याबरोबर ती कठडा धरून, एकेक पायरी बघत खाली उतरली. अच्युतराव नाक दाबून वाडग्यातला काळा काढा पीत होते.

“अहो, खरं सांगा, काय झालंय तुम्हाला?”

“काही नाही.”

“मग हे काय, पन्हं आहे?”

“बधिर झालेल्या नसांवरचं औषध आहे.”

“तुमच्या नसांना काय धाड भरलीय? रिपोर्ट पाहिलेत मी. आता सांगताय, की मुलांना फोन करू?”

अच्युतरावांनी तोंड वाकडं करत शेवटचा घोट संपवला आणि वाडगा खाली ठेवला.

“अजून एक आठवडा थांब. माझं लिव्हर टिकलं, की तुझ्यासाठी उकळायला घेतो.”

 

केमोथेरपी संपून आठ महिने झाले होते, आणि पायात चप्पल आहे की नाही हे वसुधाला अजूनही खाली बघूनच कळत होतं.