तोंडीलावणं

मेक्सिकन पोळीत गुंडाळून खायच्या फहितासाठी चिकन आणि सिमला मिरची परतून झाली, तरी भास्कररावांचं तोंडीलावण्याचं काही ठरेना. भात करावा की राजमा? ते ओट्यापासून फ्रीजपर्यंत येरझाऱ्या घालत होते.

"अहो, बसा जरा. शाल्मली कसेबसे दोन घास खाईल," सुलभाताई म्हणाल्या.

तेच तर त्यांना सलत होतं. केमोथेरपी संपली, तरी शाल्मलीला प्रत्येक पदार्थ मातीसारखा लागत होता. आज मात्र लेकीनं आपणहून फहिता मागितला होता.

शेवटी त्यांनी भातही केला, राजमाही केला आणि टोमॅटो-कांद्याच्या साल्सावर घाईघाईत दोन अख्खी लिंबं पिळली.

शाल्मलीनं फहिताचा घास घेतला. "छान झालाय, बाबा." ते रोजचंच, त्यांचं मन राखण्यासाठीचं 'छान' होतं. भात, राजमा तिनं नुसता चिवडला. मग तिनं साल्साचा चमचा तोंडात घातला आणि तिचे डोळे गच्च मिटले.

"बाबा! किती आंबट!"

"थांब, दुसरा करतो." त्यांनी घाईनं वाटी उचलली.

तिनं ती त्यांच्या हातातून ओढून घेतली. "नको, राहू दे! बाबा, मला आंबट लागलं!"