दुबईतली दुरुस्ती

हिंमतरावांचा पोरगा न विचारता दुबईला गेला, तेव्हापासून दोन वर्षं बापलेकांचं बोलणं बंद होतं. दर रविवारी बीबी गावच्या किराणा दुकानातल्या फोनवर विमलबाई लेकाशी बोलायच्या, हिंमतराव बाहेर ओट्यावर बसायचे. त्या दिवशी बाईंनी नवऱ्याला आत बोलावलं आणि फोन सरळ त्यांच्या कानाला लावला.

"काम काय करतं तिकडे?"

"ऑफिसातले कॉम्प्युटर अडले की लोक मले फोन करतात, बाबा. मी सांगतो, बंद करा, जरासं थांबा, अन् पुन्हा सुरू करा."

"अन् होते सुरू?"

"बहुतेक होते."

"एवढ्यासाठी दुबईले जा लागते काय बे?"

हिंमतरावांनी फोन आपटला. विमलबाईंनी डोळ्यांना पदर लावला. हिंमतराव तिथंच जरासे थांबले. पुन्हा घंटी वाजली, तसा त्यांनीच उचलला.

"हां. जेवला काय?"